गोरक्षनाथला आराम पडला

फुटबॉलमधलं मला सगळं कळतं! खेळता येत नाही, पण ते काय, पायात गोळे आले की कुणालाच येत नाही.

वाटूर फाट्यावर माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. अख्ख्या गावाची लाईट गेली तरी माझा टीव्ही चालू! त्यामुळे गावातले सगळे फुटबॉलवेडे माझ्याकडेच जमतात आणि मला मंडळाचा अध्यक्ष म्हणतात. तिकडं परदेशात तिकिटं किती महाग केली, खेळाडूंना आठवड्यात दोन-दोन सामने खेळवून त्यांचा कसा भुगा करून राह्यले, याची काळजी आम्ही इथं वाटूरला बसून करतो. आमचा बबलू तर एका गोऱ्या खेळाडूची मांडी दुखावली तेव्हा दोन घास कमी जेवला होता.

आणि मग ती आग आमच्या दारात आली! आपल्या वाटूरचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर जालन्याच्या मस्तगडची पोरं. आयोजक पुंजारामदादांनी शाळेमागच्या मैदानाला चारी बाजूंनी मांडवाचं कापड गुंडाळलं आणि जाहीर केलं, तिकीट पन्नास रुपये!

"पन्नास?" बबलू उसळला. "गोरक्षनाथला बघायला? तो तर रोज मेंढरं घेऊन ह्याच रस्त्यानं जातो. फुकट दिसतो!"

गोरक्षनाथ म्हणजे आमचा हुकमी खेळाडू. दिवसभर मेंढरांमागं चालून संध्याकाळी सामन्यात असा पळतो की बघणाऱ्यालाच धाप लागावी. तो थकल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

"बबलू," मी म्हणालो, "तिकीट विसावर आणून दाखवतो. तू फक्त पुंजारामदादाच्या कानात हळूच सांग, गोरक्षनाथ लई थकलाय, खेळंल असं वाटत न्हाई. तो न्हाई म्हणल्यावर तिकीट कोण काढंल? दादाला घाम फुटला की मंग मी मधी पडतो, तिकीट वीस करा, गोरक्षनाथला मी खेळवतो!"

डोकं लागतं त्याला!

बबलू निघाला. पण वाटेत त्याला घरचं दळण आणायचं होतं, म्हणून तो गिरणीत शिरला. आणि पुंजारामदादा तिथंच, गहू दळायला! बबलूनं कानात सांगायचा प्रयत्न केला. आता चालू गिरणीत हळू बोलता येतं का?

"गोरक्षनाथ थकलाऽऽय!" बबलू ओरडला.

"काऽऽय?"

"थकलाऽय! खेळत न्हाऽऽई आता!"

नेमकी त्याच वेळी गिरणी बंद पडली. शेवटची आरोळी सगळ्या गिरणीनं स्वच्छ ऐकली. त्यात द्वारकाबाई होत्या, गोरक्षनाथच्या सख्ख्या मावशी! त्या पीठ तिथंच टाकून बहिणीकडं पळाल्या. गिरणीपासून घरापर्यंत 'थकला'चं 'खंगला' झालं आणि उंबऱ्यावर 'अंथरुणाला खिळला'.

मी जाऊन बघतो तर गोरक्षनाथच्या दारात चपलांचा ढीग! आत गोरक्षनाथ बाजेवर, अंगावर दोन गोधड्या. एक चुलती तळपाय चोळून राह्यली, दुसरी तुपात थबथबलेला शिरा भरवून राह्यली.

"काका," तो हळूच म्हणाला, "मला काय झालंय?"

"तुला... थकवा आलाय."

"असं का? बराय की मंग!" त्यानं पुन्हा तोंड उघडलं.

त्याची आई जयवंताबाई डोळे पुसत माझ्याकडं आली. "काकासाहेब, तुमच्या मंडळामुळं कळालं बघा! माझं लेकरू मुकाट सोसत व्हतं. आता मॅच होईस्तोर बाजेखाली पाय ठिऊ देत न्हाई त्याला!"

"बिलकुल! आराम पाहिजेच!" मी म्हणालो. बोलून गेलो.

"मंग मेंढरं कोण नेईल? ह्याचे वडील लग्नाला गेले पिंपळगाव रेणुकाईला."

मी बबलूकडं बघितलं. बबलूनं छताकडं बघितलं.

"अध्यक्ष तुम्हीच ना?" म्हणत जयवंताबाईनं माझ्या हातात काठी दिली.

मेंढरू हा शांत, गरीब प्राणी आहे, असं ज्यानं कुणी सांगितलं त्यानं ते ताटात बघितलं असावं. दुकानाला कुलूप लावून मी पहाटेपासून त्यांच्यामागं होतो. मी डावीकडं वळवलं की ती उजवीकडं. मी "हुर्र" म्हटलं की ती थांबायची आणि "थांबा" म्हटलं की पळायची. एक मेंढा तर माझ्याकडं असा बघत होता, जसं मीच त्याचं उधार बुडवलंय! दुपारी मी जरा बाभळीला टेकलो. डोळे उघडले तर सगळा कळप शेजारच्या हरभऱ्यात!

आणि हरभरा पुंजारामदादांचा!

दादा बांधावरून येताना दिसले. आता काठी माझ्याच पाठीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण दादांनी मला मिठीच मारली.

"काकासाहेब, तुमचे उपकार कसे फेडू? लोकं तिकिटाला तुटून पडले! वाटूरचेच न्हाई, परतूरचे भी आले. गोरक्षनाथ अंथरुणातून उठून खेळणार म्हणल्यावर कोण थांबतो? मी तिकीट शंभर करून टाकलं!"

"शंभर?"

"तरी तिकिटं पुरून न्हाई राह्यले!" मग त्यांची नजर मेंढरांवर गेली. चेहरा बदलला. "पन हे हरभऱ्याचं काय?"

"दादा, भरपाई देतो..."

"भरपाई कशाला? पहिल्या रांगेत सोफे मांडलेत. तीनशेचं तिकीट घ्या अन् ऐटीत बसा. अध्यक्षच सोफ्यावर दिसले, की महाग महाग म्हणणारे आपोआप गप!"

घेतलं. करता काय? संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर माझ्या नावापुढं 'गद्दार' लागलं. बबलूनंच लावलं होतं! मंडळानं सामन्यावर बहिष्कार टाकला, तोही माझ्या नावानं मुर्दाबाद म्हणत.

सामन्याच्या दिवशी सकाळीही मेंढरं होतीच. दुपारी ती कोंडून मी तसाच मैदानावर पोचलो. गुडघे बोलत होते, टाचा रडत होत्या. लाल मखमली सोफा होता. समोर गोरक्षनाथ मैदानात उतरला, म्हणजे उतरवला. शिरा, अंडी, पाया सूप, सगळं पोटात घेऊन तो हळूहळू चालत मस्तगडच्या गोलसमोर गेला आणि तिथंच उभा राहिला. शिट्टी वाजली. मी जरा मागं टेकलो.

"काका, उठा!"

मी दचकून उठलो. "काय झालं? गोल?"

"उठा, सोफा उचलायचाय." मांडववाला होता. मैदान रिकामं होतं. एक कुत्रं मधोमध बसून होतं.

लंगडत घरी आलो. मनीषा, माझी बायको, खुशीत भाकरी थापत होती.

"जिंकलो की हो! काय गोल झाला!"

"हो ना!" मी म्हणालो. "काय तो... पाय!"

"पाय कुठला? पोट! त्याला हलताच येत न्हवतं. बॉल आला, पोटावर आपटला अन् सरळ आत! मस्तगडवाले बघतच राह्यले. आता द्वारकाबाई समद्या पोरांना शिरा चारायचा म्हणून राह्यल्या."

"पण तू कुठं होतीस? तुझं तर तिकीट नव्हतं!"

"तिकीट कशाला? कांताबाईच्या गच्चीवरून सगळं मैदान दिसतं. बबलू अन् तुमचं सगळं मंडळ तिथंच होतं. शेंगा भी होत्या भाजलेल्या."

तिनं भाकरी उलटली.

"तुम्ही भी बराबर दिसत होते. तोंड उघडं होतं."