बंद पडलेले उद्योग : शून्य

नवउद्योग केंद्राच्या व्यवस्थापिकाबाईंनी त्या सकाळी कुलूप उघडल्या उघडल्या धाकट्या दिराला सामानाच्या खोलीत ढकललं.

"भाऊजी, तासभर गप बसा. वरून मोजणीवाले साहेब येतायत. कुठल्या भागात किती नवे उद्योग उगवतात, त्याचे गुण देतात. चाळीसच्या खाली गेलो की केंद्र बंद आणि माझी बदली दोनशे मैलांवर. पोरगी अडीच वर्षांची आहे."

"पण मी काय केलं, वहिनी?"

"सात धंदे बुडवलेत. तुम्ही दिसलात तरी गुण जातील."

दीर मुकाट खोक्यांत शिरला. पाण्यासारखा माणूस, वाट मिळेल तिकडे वाहायचा, अडला तर हसायचा.

साहेब आले, चहा प्याले, कागद उलटत एका रकान्यापाशी थांबले.

"बंद पडलेले उद्योग शून्य?"

"एकही नाही, साहेब," बाई मान ताठ करून म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे इथे कुणी काही करूनच बघत नाही. करून बघणारा कधीतरी आपटतोच. या रकान्याला दहा गुण होते, बाई. तुमचे झाले चौतीस."

बाईंच्या डोळ्यांपुढे लेकीचे इवले इवले मोजे आले. त्या उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं.

"भाऊजी, बाहेर या. बुडवलेले धंदे सगळे सांगा."

"सगळे? आत्ता तर तुम्हीच..."

"सगळे."

धूळ झटकत दिराने सुरुवात केली. आपोआप वाळणारी छत्री. अंधारात चमकणारी चप्पल. आपोआप हलणारा पाळणा.

"पाळण्याचं काय बिनसलं?" साहेब लिहिता लिहिता म्हणाले.

"बाळ गाढ झोपायचं. आई मात्र पाळणा थांबला की काय म्हणून घडीघडी उठायची."

व्हरांड्यात अर्ज घेऊन बसलेल्या सुताराने आत डोकं घातलं. "माझे दोन घ्या. त्यातला एक याच्याच पाळण्यापायी बुडाला."

"माझे तीन," मागून शिंपीणबाई लाजत म्हणाल्या.

बेरीज बारावर गेली, गुण चव्वेचाळीसवर. बाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा चहा मागवला.

साहेबांनी वही मिटली, खुर्ची दिराजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आपोआप मिटणारी शिडी डोक्यात आहे माझ्या. फक्त माणूस वर असतानाच मिटते."

दिराने बराच विचार केला. "बुडेल."

"नक्की?"

"अगदी नक्की."

साहेबांचा चेहरा उजळला. "बाई, एक कोरा अर्ज द्या बघू."