मंद पहाट, चारशे सतरा

झोपायच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून तिथलं सगळं सामान बाहेरच्या खोलीत आलं होतं. कपाट आणि उभी केलेली गादी यांच्यामधल्या फटीत बसून बाई सकाळचे पत्ते पिसत होत्या.

"झालं का तुझं टॅरो?" बूट शोधत नवऱ्याने विचारलं.

"टॅरो नाही हो, ओरॅकल. टॅरोला नियम असतात. हे पत्ते नुसते मनाशी बोलतात."

"मग माझे बूट कुठे आहेत तेवढं विचार त्यांना."

चव्वेचाळीस पत्ते होते. प्रत्येकावर एक चित्र आणि खाली एखादी ओळ. बाई रोज एक पत्ता काढायच्या, पर्समध्ये टाकायच्या आणि दिवसभर त्याच्याच तंद्रीत वावरायच्या. वाचनालयाच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं शिवायची, हे त्यांचं काम. तिथे तंद्रीला कुणाची आडकाठी नव्हती.

आज दोन पत्ते एकदम हाती आले. एक ओळखीचा, 'डोह' : गडद निळं पाणी आणि वर चंद्रकोर. तो त्यांनी टेबलावर ठेवून दिला. दुसरा मात्र तीन वर्षांत कधी निघालाच नव्हता. त्यावर चित्रच नव्हतं. झोप आणि जाग यांच्यामधला असावा तसा राखाडी-गुलाबी रंग, नाव 'मंद पहाट', आणि खाली बारीक अक्षरांत : 'कोरड्या भिंतीवर दोन हात. खरा रंग दुसऱ्या दिवशी.' कोपऱ्यात आकडा, ४१७.

बाईंच्या अंगावर काटा आला. वाचनालयाच्या मोठ्या साहेबांना सगळे त्यांच्यामागे 'भिंत' म्हणत. आणि कोरडेपणा म्हणाल, तर 'बरं' या शब्दापलीकडे साहेबांकडून काही ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अकरा वर्षं बाईंना त्यांच्याकडे एकच गोष्ट मागायची होती, आणि अकरा वर्षं त्या जिन्याच्या पाचव्या पायरीवरून परत फिरत होत्या.

आता पत्ताच सांगत होता : दोन हात करा.

आकड्याचा उलगडा दुपारी डबा खाताना झाला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता बघता बाईंचा घास हातातच राहिला. चार सतरा!

चार वाजून सतरा मिनिटांनी त्या साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, अकरा वर्षं मी भरदिवसा दिवा लावून सुई ओवतेय. वर चांगल्या तीन खिडक्या आहेत, पण त्यांच्यापुढे नकाशांची कपाटं उभी! नकाशांना उजेड कशाला हवा? त्यांना काय स्वतःतला रस्ता शोधायचाय? मी माणूस आहे, मला हवाय!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरं," ते म्हणाले.

बाई घरी आल्या तेव्हा नवरा खोलीच्या दारात थिजून उभा होता. आत तिन्हीसांज झाल्यासारखं दिसत होतं. चारही भिंती गडद निळ्या, आणि खिडकीच्या वर एक पांढरी चंद्रकोर.

"मी मंद पहाट सांगितली होती हो!" नवरा रंगाऱ्याला म्हणत होता. "रंगाचं कार्ड टेबलावर ठेवलंय म्हणून सांगितलं होतं ना?"

"टेबलावर हेच होतं, दादा," रंगाऱ्याने 'डोह' पुढे केला. "दुकानदाराने याच्यावरूनच रंग कालवून दिला. चंद्र जरा वाकडा झालाय, हे मात्र कबूल."

बाईंनी पर्समधून पत्ता काढला. "मंद पहाट म्हणजे... ही?"

"हेच की! काल रात्री ठेवलं होतं मी. आवरताना तुझ्या पत्त्यांत गेलं वाटतं. पण तुझ्या पर्समध्ये काय करतंय?"

बाई तिथेच, जमिनीवर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर बसल्या. रंगाच्या कार्डावरची सूचना वाचून त्या साहेबांशी भांडून आल्या होत्या! त्यांनी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. नवरा हसेल असं त्यांना वाटलं होतं. पण तो बूट काढून शेजारी येऊन बसला.

"नोकरी गेली तर जाऊ दे," तो निळ्या भिंतीकडे बघत म्हणाला. "काय शांत वाटतंय गं इथे."

"दुसरा हात उद्या मारू की पहाटच करू?" रंगाऱ्याने विचारलं. दोघंही वाकड्या चंद्राकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी माफीचे शब्द घोकत बाई वाचनालयात पोचल्या. पाहतात तर खिडक्या मोकळ्या, उन्हात त्यांचं टेबल मांडलेलं, आणि साहेब बाह्या सरसावून शेवटचं कपाट जिन्याकडे ढकलताहेत.

"साहेब, काल मी फार बोलले. खरं सांगायचं तर तो पत्ता रंगाच्या दुकानातला..."

"बाई, तुम्ही आलात तेव्हा म्हणाला होतात, 'मला शांत जागा हवी.' आठवतं?" साहेब धापा टाकत म्हणाले. "इथे शांत जागा एकच. तळघर. तेव्हा मी बसायचो तिथे. तुम्हाला दिलं, आणि मग परत कसं मागणार?"

"मग आता...?"

"आता नकाशे खाली, आणि मीही खाली." साहेबांनी खुर्ची काखोटीला मारली आणि लहान मुलासारखे ते जिना उतरून गेले.

बाई खिडकीशी बसल्या. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती. दुपारपर्यंत त्यांचं एकही पान शिवून झालं नाही. आणि तळघरातून कुणाच्या तरी गुणगुणण्याचा आवाज येत होता. काउंटरवरचे दोघे कारकून एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी त्यांच्यातला एक, हे साहेबच का, याची खात्री करून घ्यायला चवड्यांवर जिना उतरला.