विकासनगरचं गरम टाकं

मेश्रामकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नाहीत, मीटरला भेटतात. जिन्याखाली वाकतात, चष्मा कपाळावर चढवून नीट बघतात, मग आत येऊन खुर्चीत बसतात आणि विचारतात, "अर्थिंग कुठंय?" त्यानंतर चहा.

लखनौच्या विकासनगरात ते आमच्या समोर राहतात. मूळचे भंडाऱ्याचे. विजेच्या सुरक्षेचे सरकारी निरीक्षक म्हणून इकडे आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. निवृत्त म्हणजे कागदोपत्री. मागे शहराबाहेर, बख्शी का तालाब गावात एका लॉनवर लग्न होतं. ओल्या गवतातून वायर गेलेली पाहून काकांनी सरळ डीजेचा प्लग काढला. नवऱ्या मुलाचा मामा हात जोडून म्हणाला, "अंकल, दो घंटे की तो बात है."

"करंट को दो घंटे नहीं लगते, भैया," काका म्हणाले. वायर बांबूवर चढेपर्यंत वरात गेटवर ताटकळली.

अशा माणसाच्या घरी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हॉट टब आला. पाठवला बंगळूरच्या मुलाने, आईसाठी. थंडी पडली की काकूंचे गुडघे इतके आखडतात की पलंगावरून उठायला भिंत धरावी लागते. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चौघं बसतील एवढा तो टब, त्याला हीटर, त्याला पंप. काकूंनी त्याचं नाव ठेवलं टाकं.

"पापा, छत पे रखवा दो, धूप मिलेगी," मुलगा फोनवर म्हणाला.

"स्लॅब माणसांसाठी घातला आहे, तळ्यासाठी नाही," काका म्हणाले आणि टाकं मागच्या अंगणात आलं. काकूंनी टॉवेल काढून ठेवला. काका मात्र परवानगी काढायला निघाले.

एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिथला बाबू शेवटी म्हणाला, "अंकल, इसकी परमिशन होती ही नहीं. घर आपका, पानी आपका. नहाइए."

"तो यही लिखकर दे दीजिए."

बाबूने चहा मागवला. लिहून मात्र दिलं नाही.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. "काका, पाण्यात उतरायला परवानगी? बंदी असलेल्या तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतलं, ते कुणाला विचारून?"

काका शांतपणे म्हणाले, "पाण्यावर हक्क आहेच, पोरी. पण त्या तळ्यात हीटर नव्हता."

नियम मिळाला नाही म्हणून काकांनी स्वतःच नियम केले. करंट गळला की आपोआप पडणारा ब्रेकर हवा. पाण्यात बसलेल्याचा हात पोचणार नाही इतका स्विच लांब हवा. गल्लीतली पोरं चेंडू शोधायला येतात, म्हणून झाकणाला कुलूप. फरशी खरखरीत. पाणी कोमट, कढत नाही. मग एका सकाळी त्यांनी नोकरीतला कोट चढवला, फाटकाबाहेर गेले आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. "कोन पायजे?"

"तपासणी आहे."

"मालक घरी नाहीत जी. उद्या या."

काका आत शिरलेच. टाकं नापास झालं, कारण टॉवेलचा स्टँड लोखंडी होता. लाकडी स्टँड आला, तर पुढच्या तपासणीत झाकणाचं कुलूप डगमगलं. धुकं दाट होत गेलं. काकू रबरी पिशवीने गुडघे शेकत मला म्हणाल्या, "यायचं टाकं पास होईस्तोवर माझे गुडघे रिटायर होतात बाप्पा."

मग मी भांडायलाच गेले. "नियम माणसासाठी आहेत काका, माणूस नियमासाठी नाही. काकूंना उभं राहता येत नाहीये आणि तुम्ही कुलपं तपासताय."

काका पंपाजवळ बसून वायरीवर टेप गुंडाळत होते.

"नोकरीत असताना जुन्या लखनौत, चौक भागात एका घरी गेलो होतो," ते म्हणाले. "चिकनचं भरतकाम करणारी बाई. बादलीत रॉड टाकलेला, पाणी तापलं का बघायला तिनं हात घातला. नवरा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, साहब, गलती कहाँ हुई. मी दाखवली त्याला गलती." टेप दाताने तोडून ते म्हणाले, "आमची नोकरीच तशी. कुणाचं काही झालं की आम्ही पोचणार. या एका घरी मला आधी पोचायचं आहे."

मी खाली बसले आणि टेपचं रीळ हातात धरलं.

थंडी ओसरायच्या आत टाकं पास झालं. दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. काकू गाऊन घालून, माझा खांदा धरून हळूच आत उतरल्या. गळ्यापर्यंत पाणी आलं तशा त्यांनी पाय लांब सोडले आणि डोळे मिटले. तोंडातून नेहमीचं "आई गं" निघालं नाही. काका लांब स्विचपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पायांत रबरी चप्पल, मांडीवर सुकी लाकडी काठी, नजर काकूंवर.

"तुमी बी या नं," काकू म्हणाल्या.

"दोघंही आत बसलो तर स्विचपाशी कोण?"

ते सहज म्हणाले. सगळा जन्म असाच खुर्चीवर काढायची तयारी असल्यासारखे.

"मी बसते," मी म्हणाले.

काकांनी माझ्या सँडलकडे पाहिलं, मान हलवली, स्वतःची चप्पल काढून माझ्यापुढे सरकवली आणि काठी हातात दिली. "मोबाइल नाही. डोळे पाण्यावर."

मग अनवाणी, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून ते टाक्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले.

"येऊ का?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. "अर्ज आनला का?"

काका काठावर टेकले, एक पाय पाण्यात सोडला, मग दुसरा. आणि त्यांना जागा व्हावी म्हणून काकूंनी गुडघे दुमडले.