आधी पंचांग, मग चरित्र

सिनेमानटांची चरित्रं पंचांग उघडून वाचणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे तात्या. मुंबईची नोकरी संपवून मालवणला परतले ते जुन्या पंचांगांची ट्रंक घेऊनच. ऐंशीच्या दशकातले दिवस. मी वाचनालयाचा चिटणीस, आणि नव्या चरित्रावर पहिला हक्क तात्यांचा. 'टिपूर चांदण्यात नायकाने मागणी घातली' असं दिसलं की तात्या तिथी काढत आणि गरजत, "अमावास्या! ह्येका चांदणा खंय गावला?" मग पहिल्या पानावर शेरा पडे, 'खरा', 'अर्धा खरा' नाहीतर 'निव्वळ थापो'. सभासद कुरकुरत, पण शेरा वाचल्याशिवाय पुस्तक कोणी नेत नसे.

एकदा आमच्याच तालुक्यातल्या, कृष्णधवल जमान्यातल्या नटीचं चरित्र आलं. लेखकांनाच आम्ही व्याख्यानाला बोलावलं. ते रंगात येऊन म्हणाले, "आई मरणाच्या दारात, पण बाईंनी शूटिंग सोडलं नाही!" लोक हळहळले.

तात्या उभे राहिले. मी कपाळाला हात लावला.

"महिनो खंयचो?"

"आषाढ," लेखक म्हणाले.

"आषाढात आगबोट बंद. येतली कशी? पोहान?"

"घाटानं मोटारी होत्या की!"

"फोंडाघाटात दरड कोसळलेली."

"कशावरून?"

पंचांगात दरडी नसतात. आता तात्या सापडले, असं मला वाटलं.

तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी थंय होतंय. माझी आवस आजारी म्हणान निघालेलंय. घाटमाथ्यार चार दिवस अडकलंय. ती बाय थंयच, चायच्या खोपीत बसान रडत होती. तिची आवस गेल्याची खबर थंयच इली. माझ्या आवशीची माका घराक पोचल्यार कळली."

लेखक माणूस सरळ. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "चूक माझी. पुढच्या आवृत्तीत सुधारतो." टाळ्यांनी कौलं हादरली. तात्यांनी बाजी मारली होती, आणि मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

गर्दी पांगली तशी मागच्या रांगेतून तात्यांचे थोरले भाऊ पुढे आले. दोघं राहत एकाच घरात, पण आई गेल्यापासून बोलणं बंद. धाकटा वेळेवर आला नाही, हा थोरल्याचा राग.

"घाटात अडकललंस? मग इतकी वर्सां सांगलंस कित्याक नाय?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला.

"दादा, तू इचारलंस खंय?"