दाजींचा पाठचा आवाज

आमच्या शेजारच्या दाजी मेस्त्रींकडे चहा मिळण्याआधी हेलिकॉप्टर कुठून आलं ते सांगावं लागे. बरोबर सांगितलंत तर चहा, वर खोबऱ्याची वडी. चुकलात तर, "बरा, येवा आता."

दाजी तीस वर्षं परदेशी बोटींवर इलेक्ट्रिशियन होते. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास कायमचे मालवणात परतले. बोटीवरची माणसं येताना साबण आणतात, अत्तर आणतात. दाजींनी जपानहून सराउंडवाला, म्हणजे चारी बाजूंनी आवाज काढणारा, रिसीव्हर आणला. तो एसटीच्या टपावरून उतरवायला चौघे लागले, आणि त्या गाडीचा टप अजून एका बाजूला कललेला आहे. खोटं वाटत असेल तर डेपोत विचारा.

बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी दोन स्पीकर, पाठच्या भिंतीवर दोन, आणि बरोबर मध्ये एक खुर्ची, पायांना खिळे मारून जमिनीत ठोकलेली. येणाऱ्याला तीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि विलायती युद्धपटाची टेप सुरू करायची.

"आता बोट दाखय! खंयसून इला?"

सोबत व्याख्यान. काजू विकत घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही ते चुकलं नाही. "टेपीत आवाज दोनच. डावो आनि उजवो. दोघांत जा सारख्या, ता फुडे. जा सारख्या नाय, ता ह्यो डबो वेगळा काडता आनि पाठी धाडता. ताय वायच उशिरान. पाठचो आवाज मागसून येवक होयो, म्हाताऱ्या मानसासारखो!"

एकदा वेंगुर्ल्याच्या व्हिडिओ लायब्ररीतली टेप लावली, तर पाठची भिंत मुकी. दाजींनी स्पीकरला कान लावला. शुकशुकाट. कोणीतरी नक्कल करताना डावं-उजवं एकच करून टाकलं होतं. सारख्यातून सारखं वजा केल्यावर पाठी काय उरणार? दाजी पहिल्या एसटीनं वेंगुर्ल्यात.

"माजो पाठचो आवाज खंय आसा?"

"दाजीनू, पिक्चर दिसता मां?" लायब्ररीवाला म्हणाला.

"पिक्चर दिसता रे मेल्या, पन अर्धो आवाज चोरलंस! पोलिसांत जातंय!"

पुढे बोटीवरच्या भाच्याकडून अस्सल टेप आली. तिच्यात पाऊस होता. तो पाठच्या स्पीकरांतून असा काही कोसळला की पलीकडच्या शेवंतीकाकूंनी भर एप्रिलात, भर दुपारी अंगणातले अर्धे सुकलेले बांगडे उचलून घरात नेले. नंतर आठवडाभर त्या दाजींशी बोलल्या नाहीत. बांगड्यांचा वास मात्र महिनाभर आम्हा सगळ्यांशी बोलत होता.

एवढं होऊनही दाजींचं समाधान नव्हतं. दोन वर्षं ते पाठचे स्पीकर वीतभर वर आणि दोन बोटं खाली करत होते. "एकदा कोनी तरी खरा सांगाक होया, की सगळा जाग्यार बसला. मगे मी सुटलंय."

पण खरं सांगणार कोण? चहा समोर उकळत असे. जो तो डोळे मिटून पाठी बोट दाखवी. पोस्टमन तर खुर्चीत झोपला, त्यानंही झोपेतच पाठी बोट केलं. मीही दोन वर्षं छातीठोक पाठी बोट दाखवून वड्या खाल्ल्या.

एका दुपारी माझं पित्त उसळलं होतं. चहा नकोच होता, त्यामुळे खरं बोलायची हिंमत आली.

"दाजीनू, आधी पाठी वाजता, मगे फुडे. आनि पाठचो डावो बोंबलता, उजवो गप."

मी चपला शोधायला लागलो, तर दाजींनी मला मिठीच मारली. "शाबास! दोन वर्सांत पयलो मानूस मेळलो!"

मग तीन तास मी खुर्चीत आणि दाजी स्टुलावर, हातात स्क्रू ड्रायव्हर. "आता?" "उजवो वाडवा." "आता?" "वायच उशिरान सोडा." शेवटी हेलिकॉप्टर माझ्या पाठीमागून उठलं, डोक्यावरून गेलं आणि टीव्हीत शिरलं. मी मान खाली घातली, पंखा लागेल म्हणून.

"बसला!" मी ओरडलो. "दाजीनू, आता तुमी बसा."

दाजी स्टुलावरून उतरले आणि उगाच एक वायर गुंडाळायला लागले.

काकी, म्हणजे दाजींच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. "तेंका डाव्या कानान आयकाक येना नाय," त्या म्हणाल्या. "बोटीच्या इंजिनान खाल्ल्यान."

"तुका कोनी इचारल्यान?" दाजी खेकसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज येता रे. खंयसून येता ता कळना नाय. एका कानाक सगळा एकाच बाजूक."

मी टेप पहिल्यापासून गुंडाळायला लावली.

काकींनी दाजींच्या हातातली वायर काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "लाव रे," मला म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

मी टेप सुरू केली. हेलिकॉप्टर पाठच्या भिंतीतून निघालं तसा काकींनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. आवाज वर चढला तसा हातही चढला. मानेवरून, पांढऱ्या केसांतून, डोक्यावरून हळूहळू पुढे कपाळावर आला आणि तिथून सुटला.

दाजींनी डोळे उघडले नाहीत.

"परत लाव," ते म्हणाले.