गायकवाड आणि शेवटची दोन मिनिटं

अमेरिकन फुटबॉलचा सामना तीन तास चालतो. दिनकर गायकवाड त्यातली फक्त शेवटची दोन मिनिटं पाहत. बाकीची कॅसेट पुढे पळवत.

आखातात, उम्म अल हस्समच्या वस्तीत, ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. सलमाबादला एसी दुरुस्तीच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परतताना सामन्यांच्या कॅसेट आणि नियमांचं पुस्तक त्यांना देऊन गेला. गायकवाडांनी त्या चेंडूला कधी हात लावला नव्हता. पुस्तक मात्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

शुक्रवारी ते दार वाजवत. "या कदमराव. आज चोरी दाखवतो. एकदम कायदेशीर."

समजा, आपली टीम पुढे आहे. दहा-बारा सेकंद उरलेत आणि समोरचे आपल्या गोलरेषेपाशी येऊन ठेपलेत. अशा वेळी बचावाला अकराऐवजी तेरा माणसं उभी करायची. दंड जास्तीत जास्त पाच यार्ड. पण त्या एका चालीत गेलेले सहा-सात सेकंद समोरच्याला परत मिळत नाहीत.

"आणि आपण मागे असलो तर?" मी विचारलं.

"मग घड्याळ थांबवायचं. आपला एक गडी पाय धरून आडवा पडतो. शिट्टी वाजते."

"दुखतं कुठं त्याला?"

"स्कोअरबोर्डावर!" गायकवाड म्हणाले. "नियम मोडायचा नसतो, कदमराव. त्याचा दंड वाचायचा असतो."

आतून सुशीलावहिनी म्हणाल्या, "दूध आणायला सांगितलं तरी हे आधी दंड विचारतात."

एका शुक्रवारी ईसा टाउनच्या मैदानावर सलमाबादच्या टीमला कॅप्टन मिळेना, म्हणून गायकवाडांना केलं. क्रिकेटचा सामना. शेवटचं षटक, समोरच्यांना हव्या आठ धावा, सूर्य खाली आलेला. अंपायरला शंका आली. त्याने माणसं मोजली. तेरा भरली. बाहेर कोणी जायचं यावर गायकवाडांनी सगळ्यांची मतं घेतली. मतं घेऊन होईपर्यंत चेंडू दिसेनासा झाला आणि सामना अनिर्णित राहिला.

"अहो, हे क्रिकेट आहे!" समोरचा कॅप्टन ओरडला.

गायकवाडांनी खिशातून नियमांचं पत्रक काढलं. "अकरा लिहिलंय, मान्य. तेरा आले तर काय, ते कुठं लिहिलंय? खलास."

पुढच्या मोसमात पत्रकात एक कलम वाढलं. गायकवाडांना पुन्हा कॅप्टन केलं नाही.

त्यांना एकच मुलगी, स्नेहा. त्या वर्षी ती बारावी झाली. इथं पुढचं शिक्षण नव्हतं. पुण्याला मामाकडे राहून इंजिनिअरिंग करायचं ठरलं. गायकवाडांनीच फॉर्म आणले, स्वतःच भरले. तिकीट आलं त्या शुक्रवारी त्यांनी माझं दार वाजवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या जाण्याचा विषय निघाला की ते म्हणत, "तारीख कन्फर्म आहे," आणि पेपर उचलत.

विमानतळावर मी माझ्या गाडीने त्यांना घेऊन गेलो. काउंटरवर बॅग ठेवली, ती सहा किलो जास्त भरली. गायकवाडांनी बॅग खाली घेतली आणि जमिनीवर बसून उघडली. मागे रांग होती. ते एकेक वस्तू वर काढत आणि विचारत.

"हा कुकर हवा?"

"बाबा, इट्स ओके. टेक इट आउट, प्लीज."

"मामीकडे मोठा असेल. तुला एकटीला छोटा लागेल. बघ विचार करून."

"नो, बाबा."

"आणि ही डिक्शनरी?"

मागचा एक मल्याळी गृहस्थ हिंदीत म्हणाला, "भाईसाब, फ्लाइट आज का ही है ना?"

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काल संध्याकाळी यांनी दोनदा वजन केलं. बरोबर होतं."

"मग सहा किलो आले कुठून?"

"सकाळी कुकर भरला, इस्त्री भरली. पुस्तकं कोंबली. मी बघत होते."

"बोलला नाहीत?"

वहिनींनी मागच्या मल्याळी गृहस्थाला पुढे जायला हात केला.

रांगेतल्या चौघांना पुढे सोडून अखेर बॅग गेली. कुकर, इस्त्री आणि तीन पुस्तकं गायकवाडांच्या हातात राहिली. स्नेहा आईच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला, बाबांना "बाय" म्हणाली आणि इमिग्रेशनच्या दाराकडे निघाली. गायकवाडांनी मान हलवली.

दारापर्यंत जाऊन ती वळली आणि परत आली. घरी कायम इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी मराठीत म्हणाली, "बाबा, माझा पासपोर्ट तुमच्याकडे राहिला का?"

तिच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून पासपोर्टचं निळं टोक वर आलं होतं. मला दिसलं. गायकवाडांनाही दिसलं.

त्यांनी कुकर खाली ठेवला, त्यावर इस्त्री ठेवली, आणि शर्टाच्या वरच्या खिशापासून शोधायला सुरुवात केली.