काटेमास्तरांचे पन्नास किलो

आपल्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही, असा काटेमास्तरांचा दावा होता. पंचवीस वर्षं ते वजनकाटे दुरुस्त करत होते. स्वतःची मात्र उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन सेहेचाळीस किलो. शर्ट मास्तरांनी घातलाय की हँगरने, हे लांबून कळत नसे.

काट्याचं पोट उघडलं की त्यांना स्वतःच्या पोटाची आठवण राहत नसे. डबा रोज भरलेलाच परत यायचा. शेवटी एका गोदामात वीस किलोचं माप उचलताना चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रोग काही निघाला नाही.

"मास्तर, तुम्ही जेवतच नाही! दर दोन-तीन तासांनी काहीतरी खा. दूध, अंडी, शेंगदाणे. थोडा हलका व्यायाम करा. पन्नास भरेपर्यंत मोठे काटे बंद. महिन्याने या."

मोठे काटे बंद म्हणजे मास्तरांच्या जगण्यात रामच उरला नाही. बायकोने तर धसकाच घेतला. घरातला काटा तिने स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवला. "दर रविवारी माझ्यासमोर उभं राहायचं!"

दोन दिवस मास्तर आठवणीने जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक किचकट काटा उघडला आणि डबा पुन्हा भरलेला परत आला. रविवारी वजन सेहेचाळीस. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी ती बाजारात गेल्यावर स्क्रूड्रायव्हर काढला.

शून्य सरकवणं हे नवशिक्याचं काम. मास्तरांनी आतला बारीक स्क्रू फिरवला. काटा रिकामा असताना शून्यच दाखवणार, पण वर जितका जड माणूस, तितकी भर जास्त. कारागिरी अशी की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी एक किलो वाढलं. बायको हरखली आणि सहज स्वतःही काट्यावर चढली.

"अगं बाई! माझं पण वाढलंय!"

मागोमाग मास्तरांची आई चढली. ती अंगाने भरलेली, त्यामुळे तिची भर सगळ्यांत मोठी.

"तुझ्या नवऱ्याच्या खाण्यापायी आपण फुगलो," आई म्हणाली. "बंद कर ते दूध न् अंडी! त्याला तर नुसत्या हवेनेही चढतंय!"

दुसऱ्या दिवसापासून घरात उकडलेल्या भाज्या आणि पातळ सूप. मास्तर खरोखर उतरू लागले, तसा दर रविवारी स्क्रू जास्त फिरवावा लागला. तसतशा दोघी आणखी घाबरल्या. मग सूपही अर्धी वाटी झालं.

महिन्याने घरचा काटा म्हणाला, पन्नास. बायको आनंदाने दवाखान्यात सोबत आली. तिथला काटा म्हणाला, चव्वेचाळीस.

"काटा बिघडलाय तुमचा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी काटा उलटा करून खालची चिठ्ठी दाखवली. तपासून दुरुस्त केला, तारीख गेल्या आठवड्याची. सही काटेमास्तरांची.

"मग घरचा?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. रस्ताभर ती चार पावलं पुढेच चालत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. घरी आल्यावर तिने स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. काटा सरळ झाल्यावर तिने चार अंडी उकडली, दोन त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन स्वतः घेऊन समोर बसली.

"मी महिनाभर उपाशी राहिले," ती म्हणाली. "आणि तुम्ही गेला असतात म्हणजे? खा!"

तेवढ्यात दारातून आईची आरोळी आली. ती काट्यावर उभी होती.

"नऊ किलो! सकाळपासून नऊ किलो उतरलं! माणसाने मनावर घेतलं की होतं! शिक काहीतरी, अरे!"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर आईला खरं सांगणार होते, पण महिन्यात पहिल्यांदाच त्यांचं तोंड भरलेलं होतं.